दोन जीबी रॅमच्या फोनची बाजू

संगणक रचनेचा तास सुरू झाला की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी हा प्रश्न विचारतंच. यंदा तो बार्शीकडून आलेल्या एका मुलीने विचारला. तिच्या मामाच्या दुकानात माळ्यावर एक जुना डेस्कटॉप पडून आहे, त्याच्या डब्यावरच्या स्टिकरवर ३ गिगाहर्ट्झ लिहिलंय. आणि तिने कॉलेजसाठी हप्त्यावर घेतलेल्या नव्या कोऱ्या लॅपटॉपच्या कागदावर २.४. "सर, वीस वर्षांत वेग कमी झाला का?"

वर्ग हसला. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. गेल्या वीस वर्षांत संगणकाच्या जगात जी सर्वांत मोठी गोष्ट घडली, म्हणजे प्रोसेसरच्या वेगाची वाढ मंदावली, तिच्यावरच त्या मुलीने नेमकं बोट ठेवलं होतं. त्या गोष्टीची झळ आज कोणाला लागते आहे, हे सांगण्यासाठी हा लेख लिहितो आहे.

आधी आकडे बघू. १९८४ साली आयबीएमचा पीसी-एटी आला तेव्हा त्याच्यातला प्रोसेसर ६ मेगाहर्ट्झवर चालायचा. म्हणजे त्याचं घड्याळ सेकंदाला ६० लाख ठोके द्यायचं. २००४ च्या नोव्हेंबरात इंटेलचा पेन्टियम ४ पोचला ३.८ गिगाहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ३८० कोटी ठोक्यांवर. वीस वर्षांत सहाशे पटींहून जास्त. आणि त्यानंतरची वीस वर्षं? २०२४ मध्ये बाजारात आलेला इंटेलचा सर्वांत पळणारा डेस्कटॉप प्रोसेसर, तोही अगदी जोरात असताना आणि भक्कम थंडावा मिळाला तर, ६.२ गिगाहर्ट्झ. म्हणजे दीड पटीच्या थोडं वर. आधी सहाशे पट, मग दीड पट.

आता एवढ्यावर त्या मुलीला "हो, वेग कमी झाला" असं सांगितलं असतं तर ते खोटं ठरलं असतं. घड्याळाचा ठोका म्हणजे काम नव्हे. तिच्या लॅपटॉपातला प्रोसेसर एका ठोक्यात मामाच्या प्रोसेसरपेक्षा कितीतरी जास्त सूचना उरकतो, शिवाय तसे सहा-आठ गाभे (कोअर, म्हणजे एकाच चिपवरचे स्वतंत्र प्रोसेसर) त्यात शेजारी शेजारी बसवलेले असतात. पण एका गाभ्याच्या कामाची वाढही मंदावली, हे मोजलेलं आहे. जॉन हेनेसी आणि डेव्हिड पॅटरसन यांनी, ज्यांना याच विषयातल्या कामासाठी २०१७ चा ट्युरिंग हा संगणकशास्त्रातला सर्वोच्च पुरस्कार मिळाला, त्याचा हिशोब मांडला आहे. १९८६ ते २००३ या काळात ही वाढ वर्षाला सुमारे ५२ टक्के होती. नंतर ती २३ वर आली, मग १२ वर, आणि २०१५ नंतर साडेतीन टक्क्यांच्या आसपास. ५२ टक्क्यांनी पावणेदोन वर्षांच्या आत दुप्पट होतं. साडेतीन टक्क्यांनी दुप्पट व्हायला वीस वर्षं लागतात. अलीकडच्या काही प्रोसेसरांनी यापेक्षा बरी कामगिरी केली आहे, तरी ते जुने दिवस परतलेले नाहीत.

असं का झालं, हे नीट समजून घेतलं पाहिजे. कारण "शास्त्रज्ञ काहीतरी शोधतीलच" या भरवशावर आपण बरेच सार्वजनिक निर्णय घेत असतो.

पहिली अडचण उष्णतेची. २००५ च्या सुमाराला आमच्या प्रयोगशाळेत पेन्टियम ४ ची एक तुकडी आली होती. उन्हाळ्यात दुपारी दोननंतर त्यातली दोन-तीन यंत्रं हमखास रेंगाळायची. एकदा एकाचं झाकण उघडलं. पंख्याच्या पात्यांवर धुळीची गोधडी बसलेली, प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकच्या पत्र्यांना बोट लावलं तर चटका बसला, आणि खालची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी भुगा झालेली. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी मधले ठोके गाळतो, म्हणून ती रेंगाळत होती. पंखा ब्रशने झाडला, पेस्ट नवी लावली, यंत्र पुन्हा पळायला लागलं. पण त्या दिवशी मी मुलांना फळ्यावर एक हिशोब करून दाखवला, तो अजून दरवर्षी करतो. त्या पिढीतल्या ३.८ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरची चकती ११२ चौरस मिलिमीटरची, म्हणजे बोटाच्या नखाएवढी, आणि ती ११५ वॉट उष्णता टाकणार. चौरस सेंटिमीटरला शंभर वॉट. आपल्या घरातली १५०० वॉटची विजेची शेगडी घ्या, १८ सेंटिमीटर व्यासाची. तिच्या चौरस सेंटिमीटरला सहा वॉटसुद्धा येत नाहीत. ज्या शेगडीवर आपण दूध उतू घालवतो, तिच्या सोळा-सतरा पट तापट वस्तू त्या डब्यात एका लहानशा पंख्याच्या जिवावर ठेवलेली होती.

इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेन्टियम आणायचं जाहीर केलं होतं. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये तो बेत सोडून दिला. त्याच वर्षी मे महिन्यात त्याच्या पुढची पिढीही गुंडाळली. माझ्या मते संगणकाच्या इतिहासात ते वर्ष नव्या शोधांच्या कुठल्याही वर्षाइतकं महत्त्वाचं आहे.

त्याआधी तीस वर्षं उष्णता का नडली नव्हती? त्याचं श्रेय रॉबर्ट डेनार्ड यांच्या सूत्राला जातं. सगळे लोक पुढे इंटेल स्थापन करणाऱ्या गॉर्डन मूर यांचं नाव घेतात. १९६५ साली त्यांनी सांगितलं की चिपवरचे ट्रान्झिस्टर, म्हणजे वीज चालू-बंद करणारे सूक्ष्म खटके, दरवर्षी दुप्पट होतील, आणि १९७५ मध्ये ते दोन वर्षांवर आणलं. पण ट्रान्झिस्टर जास्त मावले म्हणून वेग का वाढावा, याचं उत्तर आयबीएमच्या डेनार्ड यांनी १९७४ मध्ये दिलं होतं. ट्रान्झिस्टर लहान करा, त्याच प्रमाणात व्होल्टेजही उतरवा, मग तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसतील, ते जास्त वेगाने चालतील, आणि तरीही एकूण उष्णता तेवढीच राहील. म्हणून व्होल्टेज ५ वरून उतरत उतरत १ च्या आसपास आलं. आणि तिथे अडकलं. कारण त्याखाली उतरवायचं तर ट्रान्झिस्टर 'बंद' राहीनासा होतो. नळ घट्ट बंद केला तरी आतला वायसर झिजला की थेंब थेंब पाणी जातच राहतं, तसं. एक थेंब काहीच नाही. कोट्यवधी नळ एका चकतीवर असले की ती गळतीच भट्टी होते.

व्होल्टेज उतरेना, म्हणून ठोके वाढेनात. ठोके वाढवायचे तर व्होल्टेजही चढवावं लागतं, आणि उष्णता ठोके आणि व्होल्टेजचा वर्ग यांच्या गुणाकाराने वाढते, म्हणजे सगळं मिळून जवळपास घनाच्या हिशोबाने. उलट वाचलं तर यातच सुटकेची वाट दिसते. वेग आणि व्होल्टेज दोन्ही वीस टक्क्यांनी कमी करा, उष्णता निम्म्यावर येते. मग तेवढ्याच उष्णतेत असे दोन गाभे बसवता येतात. दोन गाभ्यांचे, चार गाभ्यांचे प्रोसेसर २००५ नंतर एकाएकी का आले, याचं साधं कारण हे आहे. कंपन्यांना ती वाट आवडली म्हणून नव्हे, दुसरी उरली नव्हती म्हणून.

पण गाभे वाढवून काम वाढतंच असं नाही. पंगतीत दहा वाढपी उभे केले तरी भात शिजायला लागायचा तेवढाच वेळ लागतो. संगणक रचनाकार जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये हेच गणितात सांगितलं. कामाचा दहा टक्के भाग एकामागून एकच करावा लागत असेल, तर सोळा गाभे लावून काम सोळा पट नाही, साडेसहा पटीच्या आतच लवकर होतं, आणि हजार गाभे लावले तरी दहा पटीच्या वर जात नाही.

आपल्या पुण्याने हा धडा जगाच्या बराच आधी गिरवला आहे, आणि त्याचा मला मनापासून अभिमान वाटतो. अमेरिकेने क्रे महासंगणक द्यायला नकार दिल्यावर १९८८ मध्ये सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. क्रेसारखा एकच बलदंड प्रोसेसर आपल्याला कुणी देणार नव्हतं. म्हणून ट्रान्सप्युटर नावाचे बाजारात मिळणारे लहान प्रोसेसर शेजारी शेजारी जोडून काम वाटून घेतलं. पण नुसते प्रोसेसर जोडून तो महासंगणक झाला नाही. हवामानाची, द्रवगतीची गणितं तुकड्यांमध्ये कशी तोडायची, कोणता तुकडा कोणाची वाट बघणार, याचं सॉफ्टवेअर त्या लोकांनी बसून लिहिलं. यंत्र कमकुवत होतं म्हणून सॉफ्टवेअरवर डोकं चालवावं लागलं. ही जाणीव आपण पुढे कुठे हरवली, हा प्रश्न मला छळतो.

दुसरी अडचण स्मृतीची, आणि सर्वसामान्य माणसाच्या फोनवर तिचाच मार जास्त बसतो. प्रोसेसर जेवढा झपाट्याने वेगवान झाला तेवढी रॅम झाली नाही. वर्गात मी हे स्वयंपाकघराच्या भाषेत सांगतो. फोडणी देताय. हातातली मोहरी म्हणजे प्रोसेसरच्या पोटातली नोंद. ओट्यावरचा मिसळणाचा डबा म्हणजे कॅश, प्रोसेसरला चिकटून असलेली छोटी, वेगवान स्मृती. रॅम म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याचं दुकान. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचा एक ठोका म्हणजे एक सेकंद मानलं, तर वाण्याकडे जाऊन यायला चार मिनिटं लागतात. आणि वस्तू रॅममध्येही नसली, साठवणुकीच्या चिपमधून आणावी लागली, तर तीन-साडेतीन दिवस. तेवढा वेळ तेल तापत राहणार. महागडे प्रोसेसर यावर उपाय म्हणून मोहरी येईपर्यंत पुढची भाजी चिरून घेतात, पुढे काय लागेल याचा अंदाज बांधून आधीच कामं उरकतात. या अंदाजबांधणीलाही किंमत आहे. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन नावाच्या त्रुटी उघड झाल्या, तेव्हा कळलं की या आगाऊ कामाच्या खुणांवरून गुपितं चोरता येतात. मग ज्या दुरुस्त्या आल्या, त्यांनी कमावलेल्या वेगातला काही भाग परत खाल्ला.

स्वस्त फोनात ही आगाऊ कामाची चैन बहुतेक नसते. आर्म कंपनीचा कॉर्टेक्स-ए५३ हा लहान, काटकसरी गाभा २०१२ मध्ये जाहीर झाला. तो सूचना रांगेतच घेतो. पुढचीला जिन्नस मिळत नसेल तर मागचीला आधी करून टाकत नाही, थांबतो. गाभा चांगलाच आहे, वीज कमी खातो, आणि म्हणूनच त्यानंतर सात-आठ वर्षांनी निघालेल्या स्वस्त फोनांतही आठ-आठ ए५३ बसवलेले सापडतात. दुकानात "आठ कोअर" म्हणून तो फोन विकला जातो. घेणाऱ्याला वाटतं आठपट काम. ॲमडाल यांचं गणित दुकानात कोण सांगणार!

तिसरी मर्यादा आकाराची, म्हणजे ट्रान्झिस्टर किती लहान करता येतील याची. तिच्यावर फार लिहीत नाही, कारण वर्तमानपत्रात तिचीच चर्चा जास्त असते. फक्त एवढं सांगतो की '३ नॅनोमीटर'ची चिप म्हणतात तिच्यात ३ नॅनोमीटरची कुठलीच महत्त्वाची वस्तू नसते. शेजारच्या दोन ट्रान्झिस्टरांच्या फाटकांमधलं (वीज अडवणाऱ्या-सोडणाऱ्या 'गेट'मधलं) अंतर ४५-५० नॅनोमीटरच्या घरात असतं. ते नाव आता बिल्ल्यासारखं आहे. आणि अशा चिपा छापायला लागणारी १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाची यंत्रं जगात एकच कंपनी बनवते, नेदरलँड्समधली एएसएमएल. वितळलेल्या कथिलाचे थेंब सेकंदाला पन्नास हजार या गतीने सोडायचे आणि प्रत्येकाला लेझरने टिपायचं, तेव्हा तो प्रकाश तयार होतो. माणसाच्या कर्तबगारीने थक्क व्हावं अशी ती गोष्ट आहे. पण असा कारखाना उभारायला अब्जावधी डॉलर लागतात, आणि पैसे घालणारा ते वसूल करणार महागड्या फोनातून आणि एआयच्या केंद्रांमधून. त्या कारखान्यातला वेग बार्शीच्या मुलीच्या आईच्या फोनात कधी उतरेल? उशिरा, आणि थोडा.

आता मुद्द्यावर येतो.

ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या हजारो अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. बालकांची वजनं, उंची, गरोदर मातांच्या नोंदी, आहाराचं वाटप, हे सगळं त्यांनी ॲपवर भरायचं होतं. फोन दोन जीबी रॅमचे, एव्हाना जुने झालेले. ते तापायचे, अडकायचे, दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या माथी यायचा. त्यात नवं ॲप इंग्रजीत. बातम्यांत चर्चा झाली ती 'निकृष्ट मोबाइल'ची. चांगले मोबाइल द्या, ही मागणी रास्तच होती. पण मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं की एक प्रश्न कुणी विचारलाच नाही: एका बालकाचं नाव, वजन, उंची आणि तारीख एवढंच भरून घेणाऱ्या ॲपला दोन जीबी रॅम का पुरू नये?

हिशोब करून बघा. एका बालकाची एक नोंद म्हणजे फार तर दोनशे अक्षरं. अंगणवाडीत शंभर बालकं धरली आणि वर्षभर रोज एक नोंद धरली, तरी सगळं मिळून काही मेगाबाइट. दोन जीबीत ते शेकडो वेळा मावेल. २०१३-१४ च्या सुमाराचे चांगले फोन २८ नॅनोमीटरच्या चिपवर आणि एक-दोन जीबी रॅमवर नकाशे दाखवत होते, व्हिडिओ चालवत होते. मग फॉर्म भरताना फोन का अडकतो? कारण ॲप लिहिणाऱ्याने लायब्ररीवर लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडचे गठ्ठे, रचलेली असते, एका बटणासाठी अख्खं ब्राउझर पोटात घातलेलं असतं, प्रत्येक पानावर न लागणारी चित्रं असतात, आणि हे सगळं त्याने स्वतःच्या सोळा जीबीच्या यंत्रावर तपासलेलं असतं. तिथे ते पळतं. वाण्याच्या दुकानाच्या शेजारीच त्याचं घर आहे!

पूर्वी अशा आळसाला माफी होती. सॉफ्टवेअर जड लिहिलं तरी दीड-दोन वर्षांत प्रोसेसर दुप्पट व्हायचा आणि चूक झाकली जायची. त्याही काळात पास्कल या प्रोग्रामिंग भाषेचे जनक निकलाउस विर्थ यांनी १९९५ मध्ये इशारा दिला होता की यंत्रं जेवढी वेगवान होतात, त्याहून लवकर सॉफ्टवेअर सुस्तावतं. तेव्हा ते हळहळणं वाटलं असेल. आता प्रोसेसर ती चूक झाकत नाही. सुस्त सॉफ्टवेअरचा भार थेट वापरणाऱ्याच्या वेळेवर पडतो, आणि वापरणारा जितका गरीब तितका जास्त पडतो. म्हणून माझं म्हणणं असं आहे: प्रोसेसरच्या मर्यादा हा आता फक्त भौतिकशास्त्राचा विषय राहिलेला नाही. सरकारी पैशाने, लोकांवर सक्तीने लादलं जाणारं प्रत्येक सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांच्या हातातल्या सर्वांत कमकुवत यंत्रावर ठरावीक वेळेत चाललंच पाहिजे, अशी अट निविदेत लिहिली गेली पाहिजे, आणि ते चाललं नाही तर बिल अडलं पाहिजे.

रस्त्याच्या निविदेत डांबराचा थर किती मिलिमीटरचा हे लिहिलेलं असतं. पुलाच्या निविदेत भार लिहिलेला असतो. ॲपच्या निविदेत स्क्रीन किती, अहवाल किती, हे असतं. 'दोन जीबी रॅमच्या, तीन वर्षं वापरलेल्या फोनवर, गावातल्या नेटवर्कवर, नोंद उघडायला अमुक सेकंद' असं वाक्य का नसावं? मोजायला अवघड नाही. मोबाइल दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानातून असा फोन दोन-तीन हजारांत मिळतो.

यावर माझे जुने विद्यार्थी, जे आज हिंजवडीत आणि खराडीत मोठ्या पदांवर आहेत, मला प्रेमाने एक गोष्ट ऐकवतात. सर, प्रोग्रामरचा वेळ यंत्रापेक्षा महाग असतो. त्याने महिनाभर घासून ॲप हलकं करण्यापेक्षा चांगला फोन घेतलेला परवडतो. त्यांच्या कंपनीपुरतं ते खरं असेल, कारण तिथे फोनही कंपनीचा आणि वेळही कंपनीचा. पण राज्यात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. समजा, सुस्त ॲपमुळे एका सेविकेची रोज फक्त दहा मिनिटं वाया जातात. एक लाख सेविकांची मिळून दिवसाला सोळा हजारांवर तास होतात, म्हणजे आठ तासांचे दोन हजारांहून जास्त दिवस. दहा प्रोग्रामर सहा महिने नुसते ॲप हलकं करत बसले, तरी त्यांचे कामाचे दिवस दीड हजार भरतात. एका दिवसाच्या नासाडीत ती अख्खी मेहनत निघून वर उरते. सेविकेचा वेळ स्वस्त धरला, तिच्या मानधनाकडे बघून धरला, तरच प्रोग्रामरचा वेळ महाग ठरतो. तो स्वस्त धरायला मी तयार नाही. त्या दहा मिनिटांत ती एखाद्या बाळाला मांडीवर घेऊन नीट वजन करू शकते.

दुसरं म्हणणं असं की एआयच्या नव्या चिपा येताहेत, वेगाचं युग संपलेलं नाही. बरोबर आहे, नाही संपलं. पण तो वेग कसा मिळतो ते पाहा. सर्वसाधारण प्रोसेसर पुढे जाईना, म्हणून एकेका कामासाठी वेगळं खातं उघडलं: व्हिडिओ उलगडायला वेगळा भाग, चित्र रंगवायला वेगळा, न्यूरल नेटवर्कच्या गुणाकारांना वेगळा. त्या त्या कामात ते अफाट आहेत. पण फॉर्म भरणं, यादी शोधणं, नोंद जतन करणं ही कामं त्यांच्यापैकी कुणाच्याच वाट्याला येत नाहीत. ती त्याच जुन्या गाभ्याकडे राहतात. शिवाय एआयच्या एकेका मोठ्या चिपला सातशे वॉट लागतात. शेगडीची गोष्ट तिथे संपलेली नाही, उलट वाढली आहे.

तिसरं म्हणणं, सगळ्यांना नवे फोन द्या. द्या, जिथे फोन खरंच मोडकळीला आलेत तिथे जरूर द्या. पण चालतं यंत्र सॉफ्टवेअरपायी टाकून द्यायला लावणं ही वेगळी गोष्ट आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार बंद झाला. पुढच्या विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची चिप आणि नव्या पिढीचा प्रोसेसर नाही, म्हणून शाळा-कॉलेजांतली कितीतरी धडधाकट यंत्रं एका तारखेला 'जुनी' झाली. सुरक्षेचं कारण मी नाकारत नाही. पण वर सांगितलेली वाढ आठवा. २०१६ चं यंत्र आणि आजचं यंत्र यांत साध्या कामापुरता जो फरक आहे, तो १९९४ च्या आणि २००४ च्या यंत्रांमधल्या फरकासारखा नाही. तेव्हा दहा वर्षं जुनं यंत्र खरोखर निरुपयोगी व्हायचं. आता होत नाही. फोन असो की संगणक, निसर्गावर पडणाऱ्या भाराचा मोठा वाटा तो बनवतानाच पडलेला असतो. प्रोसेसर थांबल्याचा एकमेव फायदा म्हणजे यंत्रं जास्त वर्षं टिकवता येतात, आणि तोच आपण घालवतो आहोत.

गुजरातमधल्या धोलेऱ्याला टाटा आणि तैवानची चिप कंपनी पीएसएमसी मिळून जो कारखाना उभारताहेत, तो २८ ते ११० नॅनोमीटरच्या चिपांचा आहे. 'जग ३ वर गेलं आणि आपण २८ वर' असं हिणवणारे लेख मी वाचले आहेत. मला ती टीका पटत नाही. वीजमीटर, गाड्या, पंप, दवाखान्यातली यंत्रं, साधे फोन यांना २८ पुरतं. ते पुरवून घेणारं सॉफ्टवेअर लिहिणारी माणसं मात्र हवीत.

आणि इथे मला माझ्याच पेशाकडे वळावं लागतं. सॉफ्टवेअर किती घासता येतं, याचं एक उदाहरण मी दरवर्षी देतो. अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक चार्ल्स लायसरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ते मांडलं. ४०९६ रांगा आणि ४०९६ स्तंभांच्या दोन सारण्यांचा गुणाकार. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत सरळ लिहिला तर सुमारे सात तास. तोच सी या भाषेत लिहिला तर सत्तेचाळीस पट लवकर. मग काम यंत्राच्या अठरा गाभ्यांत वाटलं, सारण्या मिसळणाच्या डब्यात, म्हणजे कॅशमध्ये, मावतील अशा तुकड्यांत तोडल्या, एका सूचनेत अनेक आकडे घेणाऱ्या सोयी वापरल्या, तेव्हा वेळ आला ०.४१ सेकंद. साठ हजार पटींहून जास्त, तेही यंत्र न बदलता. प्रत्येक कामात असा फायदा मिळत नाही, हे मुलांना सांगतोच. पण साठ हजार सोडा, दहा पट फायदा बहुतेक रोजच्या सॉफ्टवेअरमध्ये दडून बसलेला असतो असं माझं इतक्या वर्षांचं मत आहे.

आपल्या अभ्यासक्रमात अल्गोरिदमची गुंतागुंत शिकवतात, परीक्षेत विचारतात. पण प्रोग्राम प्रत्यक्षात किती वेळ घेतो, रॅमकडे किती हेलपाटे घालतो, हे मोजायला क्वचितच लावतात. त्या बार्शीच्या मुलीला मी तिच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर फळ्यावर दिलं आणि अर्धं प्रयोगशाळेत. दहा हजार गुणिले दहा हजार आकड्यांची सारणी. एकदा आडव्या ओळीने बेरीज कर, एकदा उभ्या स्तंभाने. आकडे तेच, बेरजा तेवढ्याच, उत्तर एकच. तिने चालवलं. उभ्याला आठपट वेळ लागला. तिला वाटलं टायपताना चूक झाली. पुन्हा चालवलं. मग दोन्ही लूप उलटे करून पाहिले, मग शेजारच्या यंत्रावर जाऊन पाहिले. आडव्या ओळीत शेजारचे आकडे एकदम कॅशमध्ये येतात, उभ्यात दर आकड्याला वाण्याकडे जावं लागतं. हे तिला मी सांगण्याआधी तिने वहीत चौकटी काढून स्वतः शोधलं. पाऊण तास ती जागची उठली नव्हती.

आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात आता एक दोन जीबी रॅमचा फोन असतो, कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडून घेतलेला, काचेला एका बाजूने तडा गेलेला. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात जो गट ॲप करेल, त्याने ते या फोनवर चालवून दाखवायचं, असा नियम मी माझ्यापुरता केला आहे. गेल्या वर्षी एका गटाचं ग्रामपंचायतीच्या पाणीपट्टीचं ॲप पहिल्यांदा उघडायला १९ सेकंद लागले. मुलं नाराज झाली, हा फोनच भंगार आहे म्हणाली. मग त्यांनी एकेक लायब्ररी काढायला सुरुवात केली. चित्रं लहान केली, सगळी यादी एकदम मागवण्याऐवजी पंचवीस-पंचवीस नावं मागवली. फेब्रुवारीत ७ सेकंद, मार्चअखेर ३. परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी त्यांना पहिला प्रश्न विचारला तो ॲपमध्ये अजून काय काय भरता येईल, हा. मुलांनी त्यांना वहीतली ती यादी दाखवली: काय काय काढून टाकलं, आणि प्रत्येकाने किती वेळ वाचला. यंदाच्या गटाला तोच फोन देणार आहे. त्याची बॅटरी फुगली होती, ती गेल्या आठवड्यात बदलून आणली.